अंगावर पाजू का, डॉक्टर?

2020 चा ऑगस्ट. मी इंटर्न होतो, म्हणजे एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झालेला पण अजून पूर्ण डॉक्टर न झालेला प्राणी, ज्याला वॉर्डातले पेशंट डॉक्टर म्हणतात आणि वॉर्डातले डॉक्टर "ए इंटर्न" म्हणतात. पीपीई किट घालून चौथा तास चालू होता, गॉगलवर आतून वाफ धरलेली, घाम पाठीवरून घरंगळत मोज्यात जमा होतोय, आणि मी कोविड पॉझिटिव्ह बाळंतिणींच्या वॉर्डात केसपेपरवर बीपी-टेम्परेचर लिहीत फिरतोय. तीन नंबर कॉटवरच्या बाईचं सिझर होऊन जेमतेम सहा तास झालेले. बाळ शेजारच्या खोलीत. तिने मास्क थोडा खाली ओढून विचारलं, "अंगावर पाजू का, डॉक्टर?"

मी म्हटलं, "नको, दोन-चार दिवस थांबा. वरचं देताहेत ना." आणि चार नंबरकडे गेलो.

तीन सेकंद लागले असतील या सगळ्याला. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, पण तरी) तो स्तनपान सप्ताह होता, 1 ते 7 ऑगस्ट, खाली ओपीडीच्या दारावर बाळाला पाजणाऱ्या आईचं भलंमोठं पोस्टर लावलेलं होतं, ते चिकटवायला सेलोटेप मीच आणून दिली होती.

आता बालरोगात एमडी करून झालंय, आणि ते तीन सेकंद काही डोक्यातून जात नाहीत. कारण मला माहीत नव्हतं असं नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, पहिल्या तासात बाळाला छातीशी लावायचं, चिकात काय काय असतं, हे सगळं मी लिहून मार्क मिळवलेले. आणि कोविडचंही म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 13 मार्च 2020 लाच सांगून टाकलं होतं की आई पॉझिटिव्ह असली तरी पाजू द्या, मास्क लावा, हात धुवा, बाळ जवळ ठेवा. आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञांची फॉग्सी, नवजात शिशू तज्ज्ञांची नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम आणि बालरोगतज्ज्ञांची आयएपी या तिघांनी मिळून 2020 च्या उन्हाळ्यातच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यातही हेच, बाळ ठीक आणि आई ठीक असेल तर दोघांना एकत्र ठेवा आणि अंगावर पाजू द्या. म्हणजे मी "नको" म्हणालो तेव्हा कागदावर उत्तर "हो" होतं. मग तोंडातून "नको" का आलं?

याला अभ्यासाच्या भाषेत वृत्ती म्हणतात. माहिती वेगळी, वृत्ती वेगळी आणि प्रत्यक्ष कृती वेगळी. कम्युनिटी मेडिसिनवाले विद्यार्थी या तिन्हीचा एकत्र सर्व्हे करत असतात, त्याला आम्ही कॅप स्टडी म्हणतो, आणि ज्याला थिसिसचा विषय सुचत नाही तो कॅप स्टडी करतो असा एक जुना जोक आहे. जोक सोडा, पण महासाथीत शिकाऊ डॉक्टरांची स्तनपानाबद्दलची वृत्ती नेमकी काय होती हा प्रश्न बारीकसारीक वाटला तरी तसा नाही, कारण सरकारी दवाखान्यात रात्री तीन वाजता बाळंतिणीच्या कॉटजवळ प्रोफेसर नसतात, तिथे जेआर वन असतो, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, आणि त्याच्या मागे पेंगुळलेला इंटर्न. त्या दोघांना जे वाटतं तेच त्या वेळी धोरण असतं.

वृत्ती मोजायची कशी, तर त्याला एक पट्टी आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात तयार झाली म्हणून आयोवा स्केल, 1999 ची. 17 विधानं असतात, प्रत्येकाला पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत असे 1 ते 5 गुण, म्हणजे कमीत कमी 17 आणि जास्तीत जास्त 85. यातली साधारण अर्धी विधानं आईच्या दुधाच्या बाजूची आणि अर्धी डब्याच्या (म्हणजे पावडरच्या दुधाच्या) बाजूची, आणि डब्याच्या बाजूच्या विधानांचे गुण उलटे मोजतात, म्हणजे डोळे मिटून सगळ्यावर "सहमत, सहमत" टिक करणारा हुशार विद्यार्थी मधेच कुठेतरी लटकतो. पावडरचं दूध जास्त सोयीचं असतं का, आई पाजत असली की बापाला बाजूला पडल्यासारखं होतं का, हॉटेलसारख्या ठिकाणी बाईने बाळाला पाजावं का, असं विचारलेलं असतं. मला ही पट्टी आवडते कारण ती "आईचं दूध अमृत आहे का" एवढंच विचारून थांबत नाही. त्याला कोण नाही म्हणणारे?

पण या पट्टीत एक गोष्ट नाही, आणि 2020 मध्ये सगळा खेळ त्याच गोष्टीचा होता. भीती.

भीतीचा हिशोब कसा चालतो ते सांगतो. समजा मी त्या बाईला म्हटलं असतं, पाजा. आणि समजा तिसऱ्या दिवशी बाळाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला असता. मग पहिला प्रश्न, कोणी सांगितलं होतं पाजायला? इंटर्नने. नातेवाईक, युनिटचे सर, झालंच तर लोकल न्यूजवाले, सगळ्यांना एक चेहरा मिळाला असता, माझा. आता उलट समजा. मी म्हटलं नको, बाळ डब्यावर गेलं, आईचं दूध आटलं, घरी गेल्यावर बाटली, बाटलीत टँकरचं पाणी, तीन महिन्यांनी बाळाला जुलाब, तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन. त्या केसपेपरवर माझं नाव कुठेच येत नाही. कोणाच्या डोक्यातही येणार नाही की याची सुरुवात ऑगस्टमधल्या तीन सेकंदांत झाली. एक नुकसान डोळ्यासमोर आणि आपल्या नावावर, दुसरं लांब कुठेतरी आणि बिननावाचं, अशा वेळी चोवीस तास जागा असलेला तेवीस वर्षांचा मुलगा काय निवडेल हे सांगायला सर्व्हेची गरज नाही.

आणि वर गोंधळ किती होता ते विसरू नका. फेब्रुवारी 2020 मध्ये चीनमधल्या तज्ज्ञांनी सांगितलेलं की पॉझिटिव्ह आईपासून बाळ 14 दिवस वेगळं ठेवा आणि आईचं दूध देऊ नका. मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटना नेमकं उलट बोलली. 2 एप्रिलला अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स म्हणाली आई आणि बाळ तात्पुरते वेगळे ठेवणं जास्त सुरक्षित, दूध काढून द्या. मग 22 जुलैला त्यांनीच ते बदललं, एकत्र ठेवलं तरी चालेल, मास्क आणि हात धुणं पाळा म्हणाले. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या सगळ्या पीडीएफ एकाखाली एक पडत होत्या, कुठली जुनी कुठली नवी काही कळायचं नाही, "लेटेस्ट" असं लिहिलेली फाईल उघडली की ती एप्रिलची निघायची. मग माणूस काय करतो, त्यातली जी सगळ्यात घाबरट तीच सगळ्यात सुरक्षित असं धरून चालतो. आम्हाला शिकवलेलंच तसं असतं, शंका असेल तर थांबव. फक्त औषध थांबवणं आणि दूध थांबवणं यात फरक आहे, औषध परत सुरू करता येतं.

हा फरक जरा नीट समजून घेऊ, कारण यात खरं विज्ञान आहे आणि माझ्या मते आम्हा शिकाऊ लोकांना हेच सगळ्यात कमी कळलेलं असतं.

बाळ जन्मलं, वार पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन धाडकन खाली येतं आणि स्तनांना दूध बनवायची खरी परवानगी मिळते. पहिले दोन-तीन दिवस फक्त चीक, घट्ट पिवळसर, थोडाच, एका वेळेला चमचाभर वगैरे, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दूध उतरतं. इथपर्यंत शरीर स्वतःहून करतं. त्याच्या पुढे मात्र सगळं मागणीवर. बाळाने ओढलं की मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटतं, ते दूध बनवतं, आणि ऑक्सिटोसिन सुटतं, ते दूध बाहेर ढकलतं, आपण ज्याला पान्हा फुटणं म्हणतो ते. दिवसातून आठ ते बारा वेळा हे व्हायला लागतं. स्तनात दूध साचून राहिलं तर शरीर समजतं की गिऱ्हाईक नाही, आणि दुकान हळूहळू बंद करायला घेतं. शिवाय ऑक्सिटोसिन हे भलतं लाजाळू हॉर्मोन आहे, आई घाबरलेली, दुखतंय, बाळ दिसत नाही, आजूबाजूला अंतराळवीरांसारखी पांढरी माणसं फिरताहेत, अशात पान्हा कसा फुटणार.

आता यात "14 दिवस वेगळं" बसवून बघा. नेमके दुकान उभं राहायचे दिवस. कागदावर लिहिलेलं असतं "दूध काढून द्यावे", बरोबर आहे, पण कोण काढणार, कशाने? सरकारी वॉर्डात ब्रेस्ट पंप कुठून येणार, हाताने वाटीत काढायचं, ते शिकवायला कोणीतरी पंधरा-वीस मिनिटं बाईजवळ बसायला पाहिजे, आणि त्या काळात पॉझिटिव्ह पेशंटजवळ पंधरा मिनिटं बसणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्याला विचारा. मग ते दूध काचेपलीकडच्या खोलीत कोण नेणार, मावशी नेणार का, त्या भांड्याला हात कोण लावणार. या सगळ्यात डबा किती सोपा. स्कूप टाक, पाणी टाक, ढवळ. आयोवा स्केलमधलं ते सोयीचं विधान आठवतंय ना, तिथे प्रश्न आईच्या सोयीचा असतो, आमच्या वॉर्डात सोय स्टाफची होती.

दुधात व्हायरस असतो का हा प्रश्न मात्र रास्त होता आणि त्याचं उत्तर हळूहळू आलं. त्याच ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 18 पॉझिटिव्ह बायकांच्या दुधाचे 64 नमुने तपासल्याचं प्रसिद्ध केलं. 64 पैकी एका नमुन्यात व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराचा तुकडा, सापडला, पण वाढू शकेल असा जिवंत व्हायरस एकातही नाही. हे लोकांना समजावून सांगताना मला दिवाळीची सकाळ आठवते. पाडव्याच्या सकाळी रस्ताभर फटाक्यांचे लाल कागद पडलेले असतात, त्यावरून इथे फटाके उडाले एवढं नक्की कळतं, पण तो कागद काही फुटत नाही. आरटी-पीसीआर टेस्ट कागद शोधते. फुटणारा फटाका आहे का हे बघायचं तर तो नमुना जिवंत पेशींवर टाकून वाढतो का ते बघावं लागतं, आणि तसं बघितलं तेव्हा काही वाढलं नाही. त्याच लोकांनी मुद्दाम दुधात व्हायरस मिसळून ते 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवलं, मिल्क बँकेत (जिथे आयांनी दान केलेलं दूध साठवतात) करतात तसं, तर तो मिसळलेला व्हायरसही निकामी झाला.

न्यूयॉर्कमधल्या तीन हॉस्पिटलांचा अभ्यास याच्याही आधी, जुलैमध्ये आला होता. तिथे 116 पॉझिटिव्ह आयांची 120 बाळं, आई मास्क लावून आणि हात धुऊन पाजणार, बाकी वेळ बाळ त्याच खोलीत, बंद पेटीत, सहा फुटांवर. पाच ते सात दिवसांनी 82 बाळांचा पाठपुरावा झाला, त्यातली तीनचतुर्थांशांहून जास्त अंगावर पीत होती, आणि परत टेस्ट केलेल्या 79 पैकी पॉझिटिव्ह किती? शून्य. पुढच्या वर्षी आलेल्या अजून एका अमेरिकन अभ्यासात 18 बायकांचे 37 नमुने, आरएनए एकातही नाही, उलट बहुतेक दुधांत व्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडी, आणि 62 टक्के नमुन्यांनी प्रयोगशाळेत व्हायरसला चक्क निष्प्रभ केलं.

या अँटिबॉडीची गोष्ट मला वैयक्तिकरीत्या फार भारी वाटते. आईच्या श्वसनमार्गात किंवा आतड्यात एखादा जंतू शिरला की तिथल्या काही पेशी त्याची ओळख घेऊन शरीरभर निघतात, आणि बाळंतिणीत त्यातल्या बऱ्याच जणी थेट स्तनात येऊन बसतात आणि आयजीए नावाची अँटिबॉडी बनवून दुधात सोडायला लागतात. म्हणजे ज्या जंतूची साथ आईच्या घरात, गल्लीत चालू आहे, नेमक्या त्याच जंतूवरचा माल दुधात येतो. बाळ आणि आई एकाच हवेत असतात, त्यामुळे ऑर्डर बरोबर पत्त्यावर जाते. आणि आम्ही काय केलं, तर संसर्ग झालेल्या आईचं, म्हणजे ज्या दुधात हे सगळं तयार होत होतं नेमकं तेच दूध थांबवलं.

ऑगस्टमध्ये मी यातलं काहीही वाचलेलं नव्हतं, ते कबूल. पण वाचलं असतं तरी फरक पडला असता का? मला शंका आहे. 1995 मध्ये अमेरिकेत एक मोठा सर्व्हे प्रसिद्ध झाला होता, तीन हजारांवर रेसिडेंट आणि दोन हजारांच्या आसपास प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. 90 टक्क्यांहून जास्त म्हणाले की हो, स्तनपानाला प्रोत्साहन देणं हे डॉक्टरचं काम आहे. पण प्रत्यक्ष प्रश्न विचारले, बाईला असं होतंय तर काय सांगाल, तेव्हा बऱ्याच जणांची दांडी गुल. आणि आपण याबाबतीत मदत करू शकतो असा आत्मविश्वास कोणाला होता, तर सगळ्यात जास्त कशावरून ठरत होतं? लेक्चर किती ऐकली यावरून नाही. स्वतः पाजलंय का, किंवा बायकोने पाजताना घरात बघितलंय का, यावरून. मला हे वाचून हसू आलं आणि मग नाही आलं. म्हणजे काविळीच्या बाळावर उपचार करायला डॉक्टरला स्वतः कावीळ व्हावी लागत नाही, पण हा एकच विषय असा की तो आम्ही घरून शिकून येतो.

मी तर घरूनही नव्हतो शिकलो. तेवीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि मुलगा. आपल्याकडच्या वॉर्डात मुलगा डॉक्टर असेल तर पाजण्याचा विषय आला की दोघंही नजर चुकवतात, बाई पदर ओढते आणि आम्ही म्हणतो "सिस्टर, जरा बघा". पाच वर्षांत एकदाही कोणी मला बाळ छातीशी कसं लावायचं हे माझ्या हातांनी करायला लावलं नव्हतं. सलाईन लावायला शिकवलं, कॅथेटर घालायला शिकवलं, छातीतलं पाणी काढायला शिकवलं. 2019 पासून आलेल्या नव्या अभ्यासक्रमात आईला समजावणं वगैरे कौशल्यं नीट नाव घालून लिहिलेली आहेत, चांगलंच आहे, पण त्या पहिल्या बॅचची नशिबाची गंमत बघा, त्यांच्या पहिल्याच वर्षात लॉकडाऊन लागला आणि ते कौशल्य-बिशल्य झूमवर. आणि ज्यांना हात होते त्यांचे हात दुसरीकडे लागले, कारण कोविड वॉर्डात तेव्हा ड्युटीला कोण कोण होतं, हाडांचे रेसिडेंट, डोळ्यांचे, त्वचारोगाचे. डोळ्यांच्या रेसिडेंटला बाळंतिणीने विचारलं पाजू का, तर त्याने काय सांगावं?

माझी वृत्ती बदलली ती एका सिस्टरमुळे, नाव नाही सांगत, त्यांना आवडणार नाही. आठवड्याभराने, परत तोच वॉर्ड, दुसरी बाई, बाळ नुकतंच तिच्याजवळ आणलेलं (मधल्या काळात युनिटने एकत्र ठेवायला सुरुवात केली होती, निदान ज्या आया ठणठणीत होत्या त्यांच्या बाबतीत). बाळ नुसतं तोंड घासतंय आणि रडतंय. मी नेहमीप्रमाणे म्हटलं सिस्टर बघा. सिस्टर म्हणाल्या, "सर, आज तुम्ही. मी सांगते." डबल ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी मी ते बाळ धरलं. पोट आईच्या पोटाला, मान वळलेली नको, डोकं-पाठ एका रेषेत. बाळाकडे स्तन न्यायचा नाही, बाळ स्तनाकडे आणायचं. वरच्या ओठाला हलकं लागलं की ते तोंड उघडतं, मोठं जांभई दिल्यासारखं उघडेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही, आणि उघडलं की पटकन जवळ, नुसती बोंडी नाही तर काळा भाग जास्तीत जास्त तोंडात, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी टेकलेली. चौथ्या वेळेला जमलं. बाळ दोन-तीनदा भराभर ओढलं आणि मग एकदम संथ, खोल, आणि गिळल्याचा तो बारीक आवाज, जो मी पुस्तकात वाचला होता पण ऐकला नव्हता. गॉगलमधून दिसत काही नव्हतं, पण ऐकू आलं.

त्यानंतर मी कोणाला "नको" म्हटलं नाही. व्हायरस तोच, गाईडलाईन तीच, माझी भीतीही साधारण तेवढीच. पण आता "पाजा" म्हटल्यावर पुढे काय करायचं हे हाताला माहीत होतं. मला वाटतं आमचे बरेचसे "नको" हे खरं तर "मला येत नाही" असतात, फक्त ते सभ्य मराठीत सांगितलेले असतात.

बाकी ही चूक पहिल्यांदा झाली असंही नाही. एचआयव्हीच्या साथीत हेच झालं होतं, आणि तिथे तर भीती जास्त खरी होती, कारण एचआयव्ही दुधातून खरोखरच जातो. 1985 मध्ये अमेरिकेने आपल्याकडच्या एचआयव्हीबाधित आयांना पाजू नका सांगितलं, तिकडे स्वच्छ पाणी नळाला, डबा परवडणारा, ठीक. पण तोच सल्ला घेऊन बोट्स्वानात सरकारने बाधित आयांना पावडर फुकट द्यायला सुरुवात केली, आणि 2005 च्या अखेरीस धो धो पाऊस झाला, पाणी दूषित झालं, 2006 च्या सुरुवातीला जुलाबाची भयंकर साथ आली, आणि दवाखान्यात आलेली, दगावलेली बहुतेक बाळं डब्यावरची होती. त्याच्या आधीच, 1999 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या अभ्यासाने दाखवलं होतं की थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं अशी सरमिसळ करणाऱ्यांपेक्षा पहिले तीन महिने निव्वळ अंगावर पाजणाऱ्या आयांच्या बाळांत एचआयव्ही कमी पसरला. 2010 पर्यंत जागतिक आरोग्य संघटना औषधं घ्या आणि पाजा इथपर्यंत आली. म्हणजे 2020 मध्ये आमच्याजवळ धडा तयार होता, फक्त तो एचआयव्हीच्या चॅप्टरमध्ये होता आणि आम्ही कोविडच्या चॅप्टरमध्ये शोधत होतो.

तोटा-फायद्याचा आकडाही नंतर मांडला गेला. कांगारू मदर केअर, म्हणजे कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायचं आणि अंगावर पाजायचं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक हिशोबानुसार ही पद्धत सगळीकडे पोचवली तर सव्वा लाख नवजात बाळं वाचतील, आणि आईकडून कोविड होऊन जाऊ शकणारी बाळं दोन हजारांच्या आत, म्हणजे फायदा 65 पट. पासष्ट पट! आम्ही त्या एका भागाकडे बघत बसलो होतो आणि पासष्ट भाग आमच्या पाठीमागे होते.

पण सगळं कोविडवर ढकलून मोकळं होता येत नाही, हे मला जास्त टोचतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 ची ती, देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात असं आलं, आणि जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं किती, 41.8 टक्के. ही मुलं बहुतेक साथीच्या आधी जन्मलेली आहेत. पूर्वी आम्ही म्हणायचो की आजी मध चाटवते, चीक पिळून टाकतात, अंधश्रद्धा वगैरे. पण लेबर रूममध्ये पहिल्या तासात आजी कुठे असते हो? दाराबाहेर बाकावर. आत आम्ही असतो. त्या दोन आकड्यांच्या मधे जी दरी आहे ती आजीची नाही, आमची आहे, बाळ उचलून वॉर्मरखाली ठेवायचं, वजन करायचं, टॅग बांधायचा, सिझर असेल तर आईला भूल उतरेपर्यंत लांब ठेवायचं, ही आमची रूढी.

हे वेगळं करता येतं हे मुंबईत कधीच सिद्ध झालंय. सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली, धारावीला लागून असलेल्या पालिकेच्या दवाखान्यात, पंचतारांकित कुठे नाही. बाटल्या बंद, आयांना नवजात विभागात आत घेतलं, ज्याच्या आईला दूध नाही त्याला दुसऱ्या आईचं. जंतूसंसर्गाला घाबरून आईला बाहेर ठेवायची तेव्हाही पद्धतच होती. आणि तीन वर्षांनी, 1992 मध्ये, आपल्या देशाने डब्याच्या जाहिरातीवर आणि दवाखान्यांना फुकट डबे-भेटी वाटण्यावर बंदी घालणारा कायदा केला. मला हा कायदा एमबीबीएसच्या परीक्षेला आला होता, चार मार्कांना.

एक बाजू अजून राहिली, जी मुलगा असल्यामुळे मला उशिरा दिसली. शिकाऊ डॉक्टरांतल्या काही जणी स्वतः बाळंतिणी होत्या. 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं, पहिले आम्ही आरोग्य कर्मचारी, पण पाजणाऱ्या आयांना लस नाही असा नियम होता. त्यांच्यावर चाचणी झालेली नव्हती म्हणून. म्हणजे कोविड वॉर्डात ड्युटी करायची, घरी सहा-आठ महिन्यांचं बाळ, आणि लस हवी तर दूध सोडा किंवा दूध हवं तर लस सोडा. आमची एक सीनियर ड्युटीच्या मधे लिननच्या खोलीत जाऊन दूध काढून फेकून द्यायची, किटमध्ये भिजायला व्हायचं म्हणून, ती आम्हाला सांगायची की पेशंटला पाजा सांगताना मला खोटारड्यासारखं वाटतं. शेवटी 19 मे 2021 ला केंद्राने पाजणाऱ्या आयांना परवानगी दिली. इस्रायलमधल्या 84 आयांच्या अभ्यासात (तिकडची लस फायझरची, आपली वेगळी) लसीनंतर दुधात अँटिबॉडी येतात हे एप्रिलमध्येच दिसलं होतं, म्हणजे इथे लसीला घाबरून त्यांना चार महिने थांबवलं आणि तिकडे लस उलट बाळाच्या वाटीत काहीतरी घालतच होती. आयोवा स्केलवर आमच्या त्या सीनियरचा स्कोर किती आला असता कोण जाणे.

तीन नंबर कॉटवाल्या बाईचं सांगायचं राहिलं. ती दहा दिवसांनी घरी गेली, तेव्हा तोच नियम होता, दहा दिवस आणि ताप नाही तर डिस्चार्ज. मधल्या दिवसांत बाळ तिला दिलं होतं, पण ते बाटलीला सरावलेलं, छातीशी धरलं की नुसतं ओरडायचं, आणि तिचं दूधही तोवर कमी झालेलं. नवरा गेटवर उभा होता, एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात मेडिकलमधून आणलेला पावडरचा डबा. डिस्चार्ज कार्ड मीच भरलं होतं. त्याच्यावर खाली सूचना छापलेल्याच असतात, पहिली सूचना, सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. त्याच्या खाली डॉक्टरची सही अशी रिकामी रेघ असते, तिथे मी सही केली.